वादळापूर्वीची वीस मिनिटे

(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



'रडार' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे सीमेवरचा पहारा उभा राहतो. शत्रूची विमाने, क्षेपणास्त्रे, नौदलाच्या युद्धनौका आठवतात. आज मी ज्या रडारविषयी बोलणार आहे, तेही पहारा देणारेच आहे. मात्र ते ज्याच्यावर नजर ठेवते, तो सीमा ओलांडून येत नाही. तो आपल्या डोक्यावरच जन्माला येतो, तासाभरात थैमान घालतो आणि निघून जातो. वैशाखातले वळवाचे वादळ, गारपीट, कोसळणारी वीज, काही मिनिटांत तलाव भरावा तसा रस्ता भरून टाकणारा पाऊस – यांची आगाऊ वर्दी कोण देणार, किती आधी देणार आणि ती मिळाल्यावर आपण काय करणार, हा आजचा विषय आहे.

२६ जुलै २००५ चा दिवस महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, त्याच चोवीस तासांत पडलेला पाऊस होता जेमतेम ७४ मिलिमीटर! दोन वेधशाळांमधले अंतर लोकलच्या एका प्रवासाचे. कुलाब्याच्या नोंदवहीत एक सामान्य पावसाळी दिवस आणि सांताक्रूझच्या नोंदवहीत प्रलय. या दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या पट्ट्यात आकाशात नेमके काय घडत होते, हे त्या क्षणी पाहू शकेल असे आधुनिक डॉप्लर रडार मुंबईपाशी नव्हते. ते नंतर आले.

या एका उदाहरणातच प्रश्नाचे मर्म आहे. पर्जन्यमापक सांगतो ते पडून गेलेल्या पावसाविषयी. उपग्रह ढगांचा माथा दाखवतो. ढगाच्या पोटात काय शिजते आहे, हे पाहण्याचे सामर्थ्य आजघडीला मुख्यतः एकाच साधनाकडे आहे आणि ते म्हणजे रडार.

दिवसांचे वादळ आणि मिनिटांचे वादळ

वादळांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील. एक समुद्रावर जन्मणारे चक्रीवादळ. ते शेकडो किलोमीटर पसरलेले असते, किनाऱ्यावर येण्यास त्याला दिवस लागतात. त्याच्याशी झुंजायला भारत शिकला आहे आणि ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' धडकले. त्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवण्यात आले होते आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. चौदा वर्षांत समुद्र बदलला नव्हता, वारेही बदलले नव्हते. बदलली होती ती पूर्वसूचना आणि तिच्यावर विश्वास ठेवून हललेली यंत्रणा.

दुसरा प्रकार मात्र अजून आपल्याला दाद देत नाही. हे वादळ म्हणजे एकेकटा किंवा रांगेने उठलेला गर्जणारा मेघ. सर्वसाधारणपणे अशा एका मेघाचे आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचे. तेवढ्यात तो जन्मतो, दहा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो, वीज आणि गारा टाकतो आणि विरून जातो. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात आलेल्या धुळीच्या वादळाने शंभराहून अधिक बळी घेतले. ३१ मार्च २०२४ ला पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडीच्या परिसरावरून फिरकी घेत गेलेल्या वादळाने काही मिनिटांत शेकडो घरे उद्ध्वस्त केली. आपल्या शेजारी, बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ ला आलेल्या टोर्नेडोने हजाराहून अधिक माणसे मारली. जगाच्या ज्ञात इतिहासातील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो म्हणून त्याची नोंद आहे. तो अमेरिकेत नव्हे, बंगालच्या भूमीवर झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

विजेचे तर विचारूच नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात वीज कोसळून देशात २,८८७ मृत्यू झाले. यातले बहुतेक बळी कोण असतात? शेतात पेरणी करणारा, गुरे राखणारा, पावसापासून आडोसा म्हणून झाडाखाली उभा राहिलेला आपला ग्रामीण बांधव. एका मोठ्या दुर्घटनेत दोन हजार माणसे गेली असती, तर वृत्तपत्रांनी महिनाभर मथळे दिले असते. ती एकेक-दोन-दोन करून गेली, म्हणून आतल्या पानावरच्या चार ओळींत त्यांची बोळवण झाली.

मोजण्याची परंपरा, ऐकण्याचे यंत्र

पाऊस मोजावा, ही कल्पना या देशाला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारापाशी हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून वृष्टी मोजण्याची सूचना आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याची यादी आहे आणि तीत गोदावरीकाठच्या अश्मक देशासाठी साडेतेरा द्रोण असा आकडाही दिला आहे. याचा अर्थ आपल्याकडे प्राचीन काळी रडार होते असा कोणी काढू नये. अर्थ एवढाच, की कोणत्या शेतात काय पेरावे याचा निर्णय मोजमापावर घ्यावा, ही शिस्त राज्यकारभाराचा भाग होती. आजची गरजही तीच आहे. मोजण्याचे साधन तेवढे पालटले आहे.

हे साधन मिळाले ते युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधताना रडारच्या पडद्यावर मधूनच पांढुरके डाग उमटत. सैनिकांच्या दृष्टीने ती कटकट होती. हवामानशास्त्रज्ञांनी ओळखले, की हा अडथळा म्हणजे पाऊस आहे. युद्ध संपल्यावर याच 'कटकटी'तून नवे शास्त्र उभे राहिले. आपल्या हवामान खात्यानेही फार वाट पाहिली नाही. १९५४ साली कोलकात्याच्या डमडम विमानतळावर वादळ टिपणारे रडार बसवले गेले.

रडारचे काम समजायला सोपे आहे. ते सूक्ष्मलहरींचा एक क्षणिक ठोका आकाशात सोडते. पावसाच्या थेंबांवर आपटून त्याचा अगदी क्षीण प्रतिध्वनी परत येतो. दीडशे किलोमीटरवरच्या ढगापर्यंत जाऊन परत यायला त्याला एक सहस्रांश सेकंद लागतो. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून अंतर कळते आणि किती जोरकस आला यावरून पावसाचा अंदाज येतो.

पुढची पायरी डॉप्लरची. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की सूर उतरतो. तेच तत्त्व लावले, की ढगातले थेंब आपल्याकडे येत आहेत की दूर जात आहेत, आणि किती वेगाने, हे समजते. म्हणजेच ढगाच्या आतला वारा दिसू लागतो. २४ मे १९७३ ला अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील युनियन सिटी या गावावर टोर्नेडो आला. नॉर्मन येथील राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेचे डॉप्लर रडार त्याच्याकडे रोखलेले होते. नंतर नोंदी तपासताना शास्त्रज्ञांना दिसले, की जमिनीवर सोंड टेकण्यापूर्वीच ढगात उंचावर फिरकीची खूण उमटली होती. संकट जमिनीवर येण्याआधी आकाशात आपली सही करते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेने सुमारे १६० डॉप्लर रडारचे राष्ट्रव्यापी जाळे उभारले. टोर्नेडोची सूचना पूर्वी सरासरी जेमतेम पाच मिनिटे आधी मिळे. ती दहा-बारा मिनिटांच्या पलीकडे गेली.

तिसरी पायरी दुहेरी ध्रुवीकरणाची, आणि येथे आपल्या देशाचे नाव येते. पावसाचा मोठा थेंब खाली येताना पेढ्यासारखा चपटा होतो. गार मात्र गडगडत, गिरक्या घेत येते, त्यामुळे ती रडारला सरासरीने गोल दिसते. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींची तुलना केली, तर पाऊस कोणता आणि गारा कोणत्या हे ओळखता येईल, ही कल्पना १९७६ साली थॉमस सेलिगा आणि व्ही. एन. ब्रिंगी या दोघांनी मांडली. पुढे ब्रिंगी आणि व्ही. चंद्रशेखर यांनी या विषयावर लिहिलेला ग्रंथ जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे. अमेरिकेने आपल्या संपूर्ण जाळ्याला २०११ ते २०१३ या काळात ही जोड दिली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट ज्या शेतकऱ्याने पाहिली आहे, त्याला पाऊस आणि गार यांतला फरक अर्धा तास आधी कळण्याचे मोल सांगावे लागणार नाही.

थाळी थकते तेथे

इतके सगळे आहे, तर मग अडते कोठे? अडते दोन ठिकाणी. एक काळाचे, दुसरे भूगोलाचे.

आजचे बहुतेक रडार म्हणजे एक प्रचंड थाळी. ती गोल फिरते, एक फेरी पूर्ण झाली की थोडी वर उचलली जाते, पुन्हा फिरते. अशा दहा-चौदा फेऱ्या झाल्या, की आकाशाचे एक पूर्ण चित्र तयार होते. या कामाला साडेचार-पाच मिनिटे, कित्येक ठिकाणी दहा मिनिटेही लागतात. ज्या मेघाचे आयुष्यच अर्ध्या तासाचे, त्याची दहा मिनिटांनी एकदा विचारपूस करायची, म्हणजे वरातीमागून घोडे! ढगातली फिरकी दोन मिनिटांत घट्ट होते, वाऱ्याचा झोत तीन मिनिटांत जमिनीवर आदळतो. थाळी तेवढ्या वेळात भलत्याच दिशेला पाहत असते.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. रडारचा किरण सरळ जातो, जमीन मात्र खाली वळत जाते. अगदी खालच्या, अर्ध्या अंशाच्या कोनातून सोडलेला किरणही दीडशे किलोमीटरवर पोहोचेतो जमिनीपासून अडीच किलोमीटरहून उंच गेलेला असतो. त्याच्याखाली काय चालले आहे, हे रडारला दिसतच नाही. त्यात आपल्याकडे सह्याद्री आहे, हिमालय आहे. डोंगराआड गेलेला ढग रडारच्या दृष्टीने नसल्यासारखाच.

उद्याचे रडार

पहिल्या अडचणीवरचे उत्तर पुन्हा एकदा युद्धशास्त्रातूनच आले. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकांवर एकाच वेळी अनेक क्षेपणास्त्रांचा माग काढणारे 'फेज्ड ॲरे' रडार असते. त्यात फिरणारी थाळी नसते. एका सपाट फळीवर हजारो चिमुकल्या अँटेना बसवलेल्या असतात.

हे कसे चालते? संचलनात अख्खी रांग वळते ती आठवा. आतल्या टोकाचा स्वयंसेवक जागच्या जागी पाऊल टाकतो, त्याच्या पुढचा थोडे लांब, त्याच्या पुढचा आणखी लांब. आणि रांग न मोडता तिचे तोंड वळते. येथे प्रत्येक अँटेना आपली लहर शेजारणीपेक्षा किंचित उशिरा सोडते. त्या सूक्ष्म विलंबामुळे सर्व लहरींची मिळून बनलेली आघाडी हव्या त्या दिशेला कलते. फळी जागची हलत नाही. किरण मात्र डोळ्याची पापणी लवण्याआधी आकाशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो.

२००३ साली नौदलाचे असेच एक, चार हजारांहून अधिक अँटेनांचे रडार नॉर्मनच्या प्रयोगशाळेला देण्यात आले. २०१६ पर्यंत त्याच्यावर प्रयोग चालले. आकाशाचे चित्र पाच मिनिटांऐवजी एका मिनिटाच्या आसपास मिळू लागले. शिवाय जेथे ढग नाही त्या निरभ्र भागावर वेळ न दवडता धोक्याच्या मेघाकडे पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागले. हवामान खात्यात प्रत्यक्ष सूचना देणाऱ्या अधिकाऱ्यांना बोलावून एक तुलना करण्यात आली. काहींना जुन्या गतीची माहिती दिली, काहींना नव्या गतीची. जलद माहिती मिळालेल्यांनी सूचना अधिक लवकर दिल्या. जपानने तर २०१२ साली ओसाका विद्यापीठात असे रडार उभारले, की जे तीस सेकंदांत आजूबाजूच्या आकाशाचे त्रिमितीय चित्र पूर्ण करते.

मग हे रडार आजच सगळीकडे का नाही? कारण एक अवघड गाठ अजून पुरती सुटलेली नाही. दुहेरी ध्रुवीकरणासाठी आडवी आणि उभी लहर एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळी राहावी लागते. फिरणारी थाळी नेहमी समोर तोंड करून पाहते, त्यामुळे हे साधते. सपाट फळीवरून किरण तिरका वळवला, की दोन्ही लहरींची सरमिसळ होऊ लागते आणि मोजमापात चूक शिरते. प्रत्येक कोनासाठी ही चूक मोजून काढून टाकावी लागते. त्यासाठी नॉर्मन येथे चार मीटर चौरस फळीचे, ४,८६४ अँटेनांचे नवे प्रायोगिक रडार उभारले गेले. दुसरा प्रश्न खर्चाचा. फळी फिरत नाही, म्हणून चारी दिशांना चार फळ्या हव्यात, आणि त्यामुळे किंमत वाढते. एकच फळी संथपणे फिरवावी, असा मध्यम मार्गही विचारात आहे. अमेरिकेच्या सध्याच्या जाळ्याची जागा कोणी घ्यायची, हा निर्णय तेथे याच अभ्यासावर अवलंबून आहे.

भूगोलाच्या अडचणीवर उपाय वेगळा आहे. एका महाकाय रडारऐवजी शहराभोवती, खोऱ्यात, डोंगरमाथ्यावर लहान-लहान रडारांची साखळी उभी करायची. तीन सेंटिमीटर लहरीची ही रडारे पल्ल्याने आखूड, पण जमिनीलगतचे पाहू शकतात. आपसात संगनमत करून ती काम वाटून घेतात. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. अमेरिकेतील अशा 'कासा' प्रकल्पाच्या प्रमुख शास्त्रज्ञांत पुन्हा व्ही. चंद्रशेखर यांचे नाव आहे. डॅलस-फोर्टवर्थ या महानगराभोवती २०१२ पासून अशी साखळी उभी राहिली.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे रडारने पाहिलेल्या प्रत्येक मिनिटाची माहिती संगणकातील वातावरणाच्या प्रतिकृतीत भरत जायची आणि जे वादळ अजून दिसलेलेच नाही त्याची शक्यता तासभर आधी वर्तवायची. आज सूचना दिली जाते ती काही दिसल्यावर. उद्या ती अनुमानावर दिली जाईल. हे साधले तर मिनिटांचा हिशेब तासांवर जाईल. पण येथे एक इशारा देणे भाग आहे. अमेरिकेतही टोर्नेडोच्या दर चार सूचनांपैकी जवळजवळ तीन खोट्या ठरत आल्या आहेत. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सूचना लवकर हवी, तशीच ती खरीही हवी. आणि अधिक बारकाईने, अधिक वेळा पाहिल्याशिवाय खरेपणा वाढत नाही.

आपण कोठे आहोत?

आता आपल्या घराकडे वळू. २००२ साली चेन्नईला पहिले आधुनिक डॉप्लर रडार बसले, ते परदेशी बनावटीचे. मात्र थोड्याच काळात श्रीहरिकोट्याला इस्रो आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी मिळून स्वदेशी डॉप्लर रडार उभे केले. २०१६ साली चेरापुंजीला, म्हणजे पावसाच्या माहेरघरीच, इस्रोने विकसित केलेले दुहेरी ध्रुवीकरणाचे रडार राष्ट्रार्पण झाले. मुंबईत कुलाब्याच्या जोडीला २०२२ मध्ये वेरावलीचे रडार आले. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर रडार ठेवून सह्याद्रीच्या ढगांचा अभ्यास केला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'मिशन मौसम' या योजनेस दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. तोवर देशभरात चाळीसच्या आसपास डॉप्लर रडार झाले होते. दहा वर्षांपूर्वी ते पंधराच्या घरात होते. ही संख्या अनेक पटींनी वाढवण्याचा संकल्प आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याच्या दीडशेव्या वर्षात हा संकल्प व्हावा, हे उचितच झाले.

परंतु संख्येबरोबर पिढीचाही विचार व्हायला हवा. जग थाळीकडून फळीकडे निघाले असताना आपण केवळ अधिक थाळ्या विकत घेऊन समाधान मानणार का? हे कौशल्य आपल्याला परके नाही. तिरुपतीजवळ गादंकी येथे १,०२४ अँटेनांचे फेज्ड ॲरे रडार १९९०च्या दशकापासून उभे आहे. त्यावर आपल्या शास्त्रज्ञांच्या पिढ्या घडल्या. 'आकाश' क्षेपणास्त्र प्रणालीचे 'राजेंद्र' हे फेज्ड ॲरे रडार संरक्षण संशोधन संस्थेच्या बंगळुरू येथील प्रयोगशाळेने विकसित केले आहे. म्हणजे वातावरणाचा अभ्यास करणारी फळी आपल्याकडे आहे, आकाशाचे रक्षण करणारी फळीही आहे. अमेरिकेच्या नौदलाने जे आपल्या हवामानशास्त्रज्ञांना दिले, तसे आदानप्रदान आपल्या संरक्षण प्रयोगशाळा आणि हवामान खाते यांच्यात झाले, तर उष्ण कटिबंधातील मेघांसाठी बनवलेले भारतीय रडार ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. दुहेरी ध्रुवीकरणाच्या उगमापाशी ब्रिंगी आणि चंद्रशेखर ही नावे आहेत. मात्र त्यांचे काम उभे राहिले ते परदेशी विद्यापीठांत. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. प्रश्न आपल्याला आहे : पुढचा ब्रिंगी पुण्यात किंवा बंगळुरूत राहून ते काम करू शकेल, अशी प्रयोगशाळा आपण त्याला देणार आहोत का?

आणि रडार उभे केले म्हणजे कर्तव्य संपले असेही नाही. ते पावसाळ्याच्या ऐन तोंडावर बंद पडू नये, सुट्या भागांसाठी महिनोन्महिने परदेशाकडे डोळे लावून बसावे लागू नये, त्याचे चित्र वाचणारी प्रशिक्षित माणसे तिन्ही पाळ्यांत हजर असावीत, हे उद्घाटनाच्या फितीइतके दिसत नाही. पण जीव वाचतात ते यामुळे.

शेवटचा दुवा

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. समजा, उद्याचे सर्वोत्तम रडार आपल्याकडे आले. त्याने आपल्याला वीस मिनिटे मिळवून दिली. त्या वीस मिनिटांचे आपण काय करणार?

अमेरिकेतल्या जॉप्लिन या शहराची कथा उद्बोधक आहे. २२ मे २०११ ला तेथे आलेल्या टोर्नेडोची अधिकृत सूचना तो जमिनीवर उतरण्यापूर्वी सतरा मिनिटे आधी देण्यात आली होती. भोंगेही वाजले. तरीही सुमारे १६० माणसे गेली. चौकशीत आढळले, की पहिली सूचना मिळताच आसरा घेणारे थोडे होते. बहुतेकांनी खात्री करून घेण्यासाठी वाट पाहिली. कोणी दुसऱ्या भोंग्याची, कोणी शेजाऱ्याच्या फोनची, कोणी आभाळ डोळ्यांनी दिसण्याची. रडारने कमावलेली मिनिटे संशयात खर्च झाली.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९७५ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान कोसळून शंभराहून अधिक लोक गेले. शिकागो विद्यापीठातील जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी शोधून काढले, की ढगातून सरळ खाली आदळणाऱ्या वाऱ्याच्या झोताने ते विमान पाडले. प्रथम अनेकांनी हे मानले नाही. १९८५ मध्ये डॅलसला तशीच दुर्घटना झाली. त्यानंतर चाळीसहून अधिक विमानतळांसाठी खास डॉप्लर रडार बसवले गेले आणि त्याचबरोबर प्रत्येक वैमानिकाला शिकवले गेले, की सूचना येताच वाद घालायचा नाही, उतरण्याचा प्रयत्न सोडून वर निघून जायचे. १९९४ नंतर अमेरिकेत अशा झोतामुळे मोठे प्रवासी विमान कोसळलेले नाही. येथे तंत्र होते आणि शिस्तही होती. जॉप्लिनला तंत्र होते, शिस्त तोकडी पडली.

आपल्याकडे १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. वारा हे निमित्त होते. मुळाशी होती बेपर्वाई. बेकायदा फलक पाडण्याची सूचना कोणतेही रडार देऊ शकत नाही. ते काम नागरिकांनी डोळे उघडे ठेवण्याचे आणि प्रशासनाने कायदा राबवण्याचे आहे.

म्हणून येथे बसलेल्या कुटुंबांना आणि विशेषतः कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. पुण्याच्या संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप विजेची सूचना देते. ते आपल्या भ्रमणध्वनीवर असेलच, पण जो शेतकरी खिशात फोन ठेवत नाही त्याच्यापर्यंत ती सूचना कोण नेणार? गावातल्या देवळाचा ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा, दूध संकलन केंद्र, वाडीवरचा एक जबाबदार तरुण – यांची साखळी आधी ठरलेली असेल, तर पाच मिनिटांत निरोप शिवारभर जाईल. वीज कडाडू लागताच शेत आणि पाणी सोडायचे, एकट्या झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या घरात जायचे, हे शाळेतल्या मुलाला पाढ्यासारखे पाठ हवे. आपल्या वस्तीतले पक्के छप्पर कोणते, रुग्ण आणि वृद्ध कोणाकडे आहेत, त्यांना कोणी उचलायचे, हे वैशाख येण्यापूर्वी ठरले पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय वादळापुढे चालणार नाही. आपत्ती आल्यावर धावून जाणारे हात या समाजात पुष्कळ आहेत, याची साक्ष प्रत्येक पूर आणि प्रत्येक भूकंप देतो. तेच हात आपत्तीच्या वीस मिनिटे आधी हलले, तर नंतर मदतीचे ओझे उचलण्याची वेळ कमी येईल.

बंधुभगिनींनो, वादळ थांबवण्याची शक्ती विज्ञानाने माणसाला दिलेली नाही आणि नजीकच्या काळात ती मिळेल असे दिसत नाही. मिळणार आहेत ती केवळ काही मिनिटे. ती मिळवण्यासाठी जगातले बुद्धिमान लोक पन्नास वर्षे खपत आहेत. आपले तरुण शास्त्रज्ञही त्या कामात उतरत आहेत. त्यांनी आकाशातून आणलेली मिनिटे जमिनीवर वाया जाऊ न देणे, एवढे काम आपले आहे आणि त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.